टार्क्विनीला अपयशी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत मोटार शर्यतींवर पानभर मजकूर आला, त्याबद्दल आधी आभार. असा मजकूर क्वचितच वाचायला मिळतो, म्हणून मी तो नीट, अगदी छायाचित्रांखालच्या ओळींसकट वाचला. त्याच पानावर खाली एक चौकट होती. फॉर्म्युला वनमध्ये ज्यांना यश मिळाले नाही अशा चालकांची नावे तिच्यात दिली होती. त्यात इटलीच्या गाब्रिएले टार्क्विनीच्या नावापुढे लिहिले होते: ७८ नोंदी, ३८ शर्यती, १ गुण, नंतर टुरिंग कारकडे वळला. आकडे बरोबर आहेत, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शेवटच्या चार शब्दांबद्दल. एका माणसाची पंचवीसहून अधिक वर्षांची कारकीर्द त्यांत गुंडाळून टाकली आहे, आणि ती या क्रीडाप्रकारातली फार मोठी कारकीर्द आहे.

मी गॅरेज चालवते. इंजिनाचे काम इतर लोक बघतात, माझ्याकडे सस्पेंशन आणि व्हील अलाइनमेंट असते. दिवसभर लोकांच्या गाड्यांची चाके बघायची, टायर कोणत्या कडेने झिजला आहे ते बोटाने चाचपायचे, कुठे काय सुटले आहे ते शोधायचे, हे माझे काम. म्हणून टुरिंग कारची शर्यत मला जवळची वाटते. फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर कधीच दिसत नाही. टुरिंग कार मात्र शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या गाडीवरूनच तयार होते. दारे तीच, छप्पर तेच, बाहेरून बघणाऱ्याला गाडीचे मॉडेल लगेच ओळखू येते. आतून ती पुष्कळ बदललेली असते, पण तिचा मूळ स्वभाव सुटत नाही. पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर शर्यतीतही ती पुढच्याच चाकांनी ओढली जाते, आणि तिचे सगळे गुणदोष चालकाच्या वाट्याला येतात.

आता त्या एका गुणाबद्दल. १९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये वीस संघ आणि ३९ गाड्या होत्या. शर्यतीच्या रांगेत उभ्या राहायच्या त्यांतल्या फक्त २६. त्यामुळे कमजोर आणि नव्या संघांची चाळणी शुक्रवारी सकाळीच उरकून घेत. तेरा गाड्या, एक तास, त्यांतल्या पहिल्या चार पुढे. उरलेल्या नऊ चालकांनी हेल्मेट काढायचे आणि सामान बांधायचे. बाकीचे चालक पहिल्या सरावाला बाहेर पडायचे, तोवर यांचा आठवडा संपलेला असायचा. टार्क्विनी या चाळणीत २५ वेळा अडकला. फॉर्म्युला वनच्या इतिहासात इतक्या वेळा दुसरे कोणी अडकलेले नाही. त्याच्या वाट्याला आलेले संघ बघा: ओसेला, कोलोनी, एजीएस, फोंडमेटल. सगळे छोटे, पैशाची कायमची ओढाताण असलेले. फिलिप स्ट्राइफ हा एजीएसचा चालक ब्राझीलमधल्या सरावात गंभीर जखमी झाला आणि त्याच्या जागी टार्क्विनीला बसवले. त्याच १९८९ च्या हंगामात मेक्सिकोला तो सहावा आला. तेव्हा सहाव्या क्रमांकाला एक गुण मिळायचा. तुमच्या चौकटीतला तो एक गुण हाच. त्या संघाच्या गाडीतून त्या वर्षी गुण मिळवणे ही माझ्या मते अजिबात लहान गोष्ट नव्हती. पण हे माझे मत झाले, त्यावर वाद होऊ शकतो. पुढे जे घडले त्यावर वाद नाही.

१९९४ साली अल्फा रोमिओने त्याला ब्रिटिश टुरिंग कार स्पर्धेत पाठवले. गाडी होती अल्फा १५५. तेव्हा त्या स्पर्धेत फोर्ड, रेनॉ, बीएमडब्ल्यू, टोयोटा, व्हॉक्सहॉल असे कारखान्यांचे संघ एकमेकांशी झुंजत होते आणि दोन लिटरच्या चारदारी गाड्यांवर कंपन्या पाण्यासारखा पैसा ओतत होत्या. अल्फाने नियमावली बारकाईने वाचली होती. गाडीला पुढे खालच्या बाजूला पट्टा आणि मागे उंच करता येणारा पंख (हवेच्या जोराने गाडीला रस्त्यावर दाबणारी आडवी फळी) लावायचा, तर तो विकत मिळणाऱ्या गाडीलाही असायला हवा. कंपनीने तशी खास आवृत्ती काढली आणि ते जोडभाग गाडीसोबत डिकीत ठेवून दिले. टार्क्विनीने हंगामाच्या पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या. इतर संघ खवळले, तक्रार झाली, आणि पंख मूळ जागी आणायचा हुकूम निघाला. त्यावर अल्फाच्या गाड्या ओल्टन पार्कच्या शर्यतीतून निघूनच गेल्या. नंतर तडजोड झाली, गाड्या परत आल्या, आणि हंगामाचा विजेता टार्क्विनी ठरला. पुढच्या वर्षापासून पंख सगळ्यांनाच लावू दिले. या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा बहुतेक लोक पंखाबद्दलच बोलतात. इंग्लंडमधल्या धक्काबुक्कीच्या टुरिंग कार शर्यतींशी या इटालियन माणसाची पहिलीच गाठ होती, हे मात्र सगळे विसरतात.

धक्काबुक्कीवर थोडे थांबते, कारण टुरिंग कार चालकाचे कसब तिथे दिसते. फॉर्म्युला वनमध्ये चाके उघडी असतात. चाकाला चाक लागले की सस्पेंशन मोडते आणि शर्यत संपते. टुरिंग कारमध्ये चाके बंपर आणि पत्र्याच्या आत असतात. त्यामुळे दाराला दार घासत जाणे चालते, वळणावर मागून हलका धक्का बसतो, आरसा उडून जातो, तरी गाडी पुढे जात राहते. चालकाला सतत ठरवावे लागते की हा धक्का सोसायचा, परतवायचा, की जागा सोडून द्यायची. जागा सोडणे हे भित्रेपण नाही, पुष्कळदा तो हिशेब असतो. सगळा हंगाम समोर असतो आणि वाकलेल्या ट्रॅक रॉडवर (स्टिअरिंग चाकांपर्यंत पोचवणाऱ्या दांड्यावर) गुण मिळत नाहीत. एवढ्याशा धक्क्याने टो, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडतो, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढते, आणि उरलेल्या फेऱ्या चालकाला मनगटाने तो दोष सांभाळत काढाव्या लागतात. अशी ओढणारी गाडी माझ्याकडे रोज येते. ताशी दोनशे किलोमीटरच्या वर ती कशी हाताळत असतील, या विचाराने माझा जीव वरखाली होतो.

दुसरी गोष्ट मागच्या टायरांची. पुढची चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भारही तीच घेतात, त्यामुळे पुढचे टायर लवकर तापतात. मागचे नुसते सोबत येत असतात, ते थंड राहतात. थंड टायर रस्ता धरत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वळणावर ॲक्सिलरेटर जरा जरी सोडला तरी वजन पुढे येते, मागचा भाग हलका होतो आणि गाडी गिरकी घेते. यावर चालक काय करतात? उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि त्याच वेळी डाव्या पायाने ब्रेक दाबायचा. पुढची चाके ओढत राहतात, मागच्या ब्रेकला काम मिळते, चाकांत उष्णता येते. गिअर बदलायला क्लच लागत नाही, तो फक्त सुरुवातीला लागतो, त्यामुळे डावा पाय या कामाला मोकळा असतो. पण दोन्ही पायांचा जोर तोलणे ही वेगळीच विद्या आहे. मागच्या चाकांवर ताकद असलेल्या एकआसनी गाडीत वाढलेल्या चालकाला हे सगळे नव्याने शिकावे लागते. टार्क्विनी ते तिशी ओलांडल्यावर शिकला आणि त्यात तरबेज झाला.

याच्यावर कळस म्हणजे वजन. जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन बसवतात, म्हणजे सगळ्यांना संधी मिळते. शिवाय बऱ्याच स्पर्धांत दुसऱ्या शर्यतीला पात्रता फेरीतले पहिले दहा उलट्या क्रमाने उभे करतात. पात्रतेत सगळ्यात वेगवान असलेला दहाव्या जागेवर जातो. म्हणजे टुरिंग कारमध्ये विजेतेपद मिळवायचे असेल तर जड गाडीतून, गर्दीतून, दर शर्यतीला थोडेथोडे गुण वेचता आले पाहिजेत. नुसता वेग असलेला चालक इथे दोन शर्यती जिंकतो आणि विजेतेपद गमावतो.

आणि नोकरीची शाश्वती? ती कधीच नव्हती. कारखान्याचा चालक हा कारखान्याच्या संचालक मंडळाच्या मर्जीवर असतो. त्याचा वेग कमी झालेला नसतो, पण एखाद्या बैठकीत खर्च कापायचे ठरते आणि त्याची गाडी नाहीशी होते. टार्क्विनीची गोष्ट या बाजूने वाचली की ती किती खडतर होती ते कळते. अल्फा रोमिओ झाली, मग होंडा, मग पुन्हा अल्फा. २००३ साली अल्फा १५६ घेऊन तो युरोपीय विजेता झाला. २००६ साली सेआत या स्पॅनिश कंपनीकडे गेला. तिथली लेऑन २००७ पासून डिझेलवर धावू लागली. डिझेल गाडीतून शर्यत म्हटल्यावर पुष्कळांनी नाक मुरडले होते, पण वळणातून बाहेर पडताना तिच्या इंजिनाचा जोर इतका असायचा की मागचे बघत राहायचे. २००८ साली त्याच संघाचा इव्हान म्युलर जागतिक विजेता झाला आणि टार्क्विनी दुसरा. २००९ साली उलटे झाले. मकाऊच्या शेवटच्या शर्यतीत निकाल लागला आणि टार्क्विनी ४७ व्या वर्षी जागतिक विजेता झाला. हुआन मॅन्युएल फॅन्जिओ १९५७ साली फॉर्म्युला वनचा विजेता झाला तेव्हा ४६ वर्षांचा होता. तो विक्रम अर्धशतकाहून जास्त टिकला आणि तो मोडला टार्क्विनीने, तुमच्या चौकटीतल्या 'एक गुण'वाल्या चालकाने. आणि त्याच हंगामाच्या शेवटी सेआतने कारखान्याचा संघ बंद केला. नवा जागतिक विजेता, आणि कारखान्याची गाडी नाही. पुढच्या वर्षी तो खासगी संघातून उतरला आणि दुसरा आला.

मकाऊबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथले गिया सर्किट शहराच्या रस्त्यांवरच आहे, एक फेरी सहा किलोमीटरच्या थोडी वर. दोन्ही बाजूंना पत्र्याचे कठडे, बाहेर पडायला जागाच नाही. समुद्राच्या बाजूला पूर्ण वेगाने जाणारा लांब पट्टा, त्याच्या टोकाला लिस्बोआचे काटकोनी उजवे वळण, आणि मग डोंगरावर चढत जाणारी अरुंद वळणे. मेल्को नावाच्या वळणावर रस्ता इतका आखूड वळतो की स्टिअरिंग पूर्ण फिरवावे लागते. तिथे पिवळा झेंडा कायमच असतो, एकमेकांना ओलांडायला बंदी, गाड्या एकामागोमाग एक हळूहळू वळतात. वर्षभराची लढाई अशा जागी निकालात निघते. इथे पुढची गाडी आडवी झाली तर मागच्या सगळ्यांचा रस्ता बंद होतो, तुमची काही चूक नसली तरी. टार्क्विनीची दोन्ही जागतिक विजेतेपदे इथेच ठरली.

दुसरे २०१८ सालचे. त्याआधीची वर्षे बघा. २०१३ ते २०१५ तो होंडाकडे होता. तिथला करार संपला तेव्हा लाडा या रशियन कंपनीकडे गेला. लाडाने २०१६ नंतर संघच बंद केला. चालक ५४ वर्षांचा, हातात गाडी नाही. माझ्या ओळखीचे बहुतेक लोक या टप्प्यावर म्हणाले असते, आता पुरे. त्याने ह्युंदाईच्या नव्या आय३० एन टीसीआर गाडीच्या (टीसीआर हा टुरिंग कारचा एक वर्ग) चाचण्यांचे काम हाती घेतले. हे काम दिसत नाही, टाळ्याही पडत नाहीत. गाडी दिवसभर फिरवायची, स्प्रिंग बदलायच्या, डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) बदलायचे, कँबर म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल बदलायचा, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिनिअरला सांगायचे की नेमके काय सुधारले आणि काय बिघडले. 'चांगली वाटते' असे सांगणारा चालक तिथे निरुपयोगी असतो. वळणात शिरताना नाक आत जात नाही की वळणाच्या मध्यावर, की बाहेर पडताना, हे तीन वेगळे दोष आहेत आणि तिन्हींचे औषध वेगळे. माझ्याकडे येणारा एखादा गिऱ्हाईक जेव्हा ब्रेक दाबला की डावीकडे जाते, सोडला की जात नाही, असे नेमके सांगतो, तेव्हा माझे अर्धे काम झालेले असते. टार्क्विनी त्या गुणासाठी कारखान्यांना हवा असायचा. ती ह्युंदाई २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या झेजियांगला पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि पदार्पणाच्या त्या मुक्कामातच त्याने विजय मिळवून दाखवला.

पुढच्या वर्षी टुरिंग कारचा नवा जागतिक करंडक सुरू झाला. दहा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी तीन शर्यती, एकूण तीस. शेवटी मकाऊला टार्क्विनी ३०६ गुणांवर आणि इव्हान म्युलर ३०३ वर. म्युलर काही साधा प्रतिस्पर्धी नव्हे, त्याच्या नावावर चार जागतिक विजेतेपदे आहेत. तीस शर्यतींनंतर तीन गुणांचा फरक, आणि जिंकणारा ५६ वर्षांचा. २०२१ चा हंगाम संपल्यावर तो थांबला.

ब्रिटनचा १९९४ चा विजेता, युरोपचा २००३ चा, जगाचा २००९ आणि २०१८ चा. तुमच्या चौकटीत या ओळीला जागा नव्हती असे मला वाटत नाही. तुम्ही एकाच मोजपट्टीने सगळ्यांना मोजले, अडचण तिथे आहे. आणि ही एकट्या टार्क्विनीची गोष्ट नाही. अर्जेंटिनाच्या होसे मारिया लोपेझला २०१० साली ज्या फॉर्म्युला वन संघाने घेतले, तो संघ एकही शर्यत न खेळता बंद पडला. तो माणूस २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वर्षे टुरिंग कारचा जागतिक विजेता होता. ॲलेक्स झनार्डीचे नाव तर तुम्ही घेतलेच नाही. १९९९ साली विल्यम्सकडून तो फॉर्म्युला वनमध्ये होता, त्या हंगामात एकही गुण मिळाला नाही. २००१ साली जर्मनीत लाउसिट्झरिंगला झालेल्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले. तो बीएमडब्ल्यूच्या टुरिंग कारमधून परतला. स्टिअरिंगमागची कडी हाताने दाबून ॲक्सिलरेटर द्यायचा आणि कृत्रिम पाय कमरेच्या जोरावर ढकलून ब्रेक लावायचा. त्याने २००५ साली ओशर्सलेबेनला जागतिक स्पर्धेतली शर्यत जिंकली, धडधाकट चालकांशी त्याच नियमांत लढून. मला एवढेच विचारायचे आहे की या माणसाच्या कारकिर्दीतला कोणता आकडा आधी छापायचा?

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी काहींना शर्यतीचे वेड आहे. ती मुले तुमची पुरवणी वाचतात. त्यांना वाटते की वर एकच दार आहे आणि त्यातून आत गेले नाही की सगळे संपले. त्या दाराच्या आत दरवर्षी जेमतेम वीस-बावीस माणसे असतात. टुरिंग कार हा पूर्ण व्यवसाय आहे. कारखान्याचे करार, चाचण्यांचे काम, लांब पल्ल्याच्या शर्यती यांत माणूस पन्नाशीपर्यंत कमावता राहू शकतो. हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायला हवे.

म्हणून एक विनंती. फॉर्म्युला वनचा निकाल तुम्ही लहान टाइपात का होईना, देता. तसाच टीसीआर वर्ल्ड टूरचा आणि ब्रिटिश स्पर्धेचा निकालही द्यावा. आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत असते, हजार किलोमीटर, १६१ फेऱ्या, माउंट पॅनोरमाच्या चढउतारावर, एका गाडीत आळीपाळीने दोन चालक. सकाळी सुरू होते आणि दुपार कलल्यावर संपते. पीटर ब्रॉकने ती नऊ वेळा जिंकली. तिच्या निकालाला यंदा निदान चार ओळी द्याव्यात, आणि त्यांत दोन्ही चालकांची नावे पूर्ण छापावीत.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक